अस्मिता झोपली आहे

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या दुमजली चाळीत चांगुणा लग्न होऊन आली, तेव्हा तिला सगळ्यात आधी बिचकायला झालं ते सासूच्या आवाजाला. भिमाबाई तरुणपणी काडेपेटीच्या कारखान्यात होती. तिथल्या मशीनच्या घरघरीत शेजारणीला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागे. पुढे कान बधिर झाले आणि आवाज तसाच चढा राहिला. तिने सुनेला "चहा टाक" म्हटलं की खालच्या मजल्यावरच्यांनाही कळे, वर चहा होतोय. पण त्या आवाजात खेकसणं नव्हतं. माहेरी बापाच्या धाकाने तोंड उघडायची सवय नसलेल्या चांगुणाला थोड्याच दिवसांत तो आवाज घरातल्या उबेसारखा वाटायला लागला.

दुपारी जेवणं आटोपली की वरच्या गॅलरीतल्या बायका भिमाबाईच्या दारात जमायच्या. कुणाच्या हातात तांदळाचं सूप, कुणाकडे उसवलेला परकर, कुणी नुसतीच पाय पसरून. भिमाबाई मध्येच बुद्धाचं नाहीतर भीमाचं गाणं म्हणायची आणि कडवं अर्धवट टाकून कारखान्यातली एखादी जुनी गंमत सांगायला लागायची. शेजारची इंदुबाई हसता हसता सूप उलटं करून बसायची. चांगुणा स्वतः गायची नाही, बोलायचीही बेताचंच. पण तिच्या संसारात सुख म्हणून जे काही होतं, त्यातलं बरंचसं त्या दुपारींमध्ये होतं.

तिचा नवरा सुदाम एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत होता. दोन हजार दोन साली कंपनीला टाळं लागलं. काही महिने तो रोज गेटपर्यंत जाऊन परत येई. मग बदलापूरला नव्या उभ्या राहिलेल्या एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर सिक्युरिटीत लागला. ज्या हातांनी व्हॉल्व्ह फिरवले ते आता गाड्यांना सलाम करतात, असं तो एकदाच म्हणाला आणि पुन्हा कधी त्यावर बोलला नाही. घराची सगळी आशा मग मुलीवर येऊन बसली. अस्मिता एकुलती एक. बी.कॉम. झाली, इंग्रजी बोलण्याचा क्लास केला आणि दोन हजार चारमध्ये ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये लागली. भिमाबाईने अख्ख्या चाळीत स्वतः पेढे वाटले आणि "नात अमेरिकेशी बोलते माझी" हे एवढ्या मोठ्याने सांगितलं की, रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्यानेही वर बघून हात जोडले.

काम असं होतं की अमेरिकेतल्या एका बँकेच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. तिकडे सकाळ झाली की इकडे शिफ्ट सुरू. संध्याकाळी नाक्यावर कंपनीची गाडी यायची आणि सकाळी, लोक डबे घेऊन स्टेशनकडे निघाले की अस्मिता त्यांच्या उलट्या दिशेने घरी यायची.

पहिल्याच महिन्यात एक दिवस तिच्या गळ्यातलं कार्ड भिमाबाईने हातात घेतलं. भिमाबाईला अक्षरओळख होती, इंग्रजीची नव्हती.

"काय लिहिलंय गं यात?"

"माझं नाव आजी. एमी."

"एमी म्हंजे?"

"तिकडच्या लोकांना अस्मिता म्हणता येत नाही ना. फोनवर एमी म्हणायचं. घरात मी अस्मिताच."

भिमाबाईने कार्डावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "तुझ्या आज्याबरोबर मी दीक्षा घेतली छप्पन साली. घरातले देव होते ते नदीत सोडले. आणि पोराबाळांची नावं आम्ही आमच्या मर्जीनं ठेवली. तुझं नाव तुझ्या बापानं विहारात चार शिकलेल्यांना विचारून ठेवलंय."

"राहू द्या आत्याबाई," चांगुणा मध्ये पडली. "नोकरीपुरतं आहे ते."

"मी कुठं काय म्हणते," भिमाबाई म्हणाली आणि कार्ड परत नातीच्या गळ्यात नीट सरळ करून ठेवलं.

नावाचं घरात पुढे कुणी काढलं नाही. झोपेचं मात्र रोजचंच होऊन बसलं. घर म्हणजे एक बाहेरची खोली आणि आत स्वयंपाकघर. अस्मिता बाहेरच्या खोलीत झोपायची. सुदामने खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवला. टीव्ही बंद. मिक्सर बंद. कुकर सकाळी अस्मिता यायच्या आत लावायचा, आणि राहिलाच तर इंदुबाईच्या घरी नेऊन लावायचा. फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचा. पाट्यावरची चटणी चांगुणाने सोडूनच दिली. गॅसवाला, पोस्टमन, लाइट बिलवाला, जो कोणी जिना चढून येई त्याला चांगुणा ओठांवर बोट ठेवून सामोरी जाई आणि हलक्या आवाजात म्हणे, "अस्मिता झोपली आहे."

बायका काही दिवस आल्या. दबक्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. पण दबक्या आवाजात गप्पा रंगत नाहीत, आणि कुणी हसलं की बाकीच्या तिच्याकडे रागाने बघत. मग त्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागल्या. मग तिथेही तेवढ्या नेमाने बसेनाशा झाल्या. कुणाचं भांडण झालं नव्हतं. सगळ्यांना अस्मिताचं कौतुकच होतं. चांगुणा आत स्वयंपाकघरात जमिनीवर एकटी बसे, भाजी निवडून झाली की हातातलं काम संपे आणि दुपार मात्र तशीच पडून असे. अमेरिका तिने कधी पाहिली नव्हती, पाहण्याची इच्छाही नव्हती. पण तिथली रात्र रोज भर दुपारी तिच्या घरात येऊन पसरत होती, आणि ती मोडू नये म्हणून चांगुणा पाऊलसुद्धा जपून टाकत होती.

भिमाबाईला हे जमलं नाही. तिने खूप मनावर घेतलं होतं. बोलताना अचानक आठवण झाली की ती स्वतःच्या तोंडावर हात ठेवायची. खाली पायऱ्यांवर जाऊन बसायची, पण गुडघे धरल्यामुळे पुन्हा वर येताना तिला दोघींनी उचलावं लागे. आणि जिला स्वतःचा आवाज नीट ऐकूच येत नाही, तिने तो किती खाली आणला हे तिला कळणार कसं?

एकदा कारखान्यातली तिची जुनी मैत्रीण सखू रस्त्याने चाललेली दिसली. बऱ्याच वर्षांनी. भिमाबाईने गॅलरीतून तिला अशी हाक मारली की कावळे उडाले. अस्मिता बाहेर आली. डोळे लाल, केस विस्कटलेले. ती रागावली नाही. उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली.

"आजी, काल मला फोनवर झोप लागली. समोरचा माणूस बोलत होता आणि मला ऐकूच आलं नाही. त्यांनी रेकॉर्डिंग लावून सगळ्यांसमोर ऐकवलं. अजून एकदा झालं तर घरी बसवतील."

भिमाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. खाली सखू हात हलवत उभी होती. थोडा वेळ वाट बघून ती निघून गेली.

त्या रविवारी मोरीजवळ भांडी विसळता विसळता चांगुणाने सुदामला विचारलं, "आत्याबाईंना थोडे दिवस ताईंकडे ठेवायचं का? पोरीची नोकरी पक्की होईपर्यंत."

ताई म्हणजे सुदामची थोरली बहीण कौसाबाई. बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर तिचं सासर. थोडी भातशेती, मोठं अंगण.

"आई कधी घर सोडून राहिलेली नाही," एवढंच सुदाम म्हणाला.

"मग मी काय करू ते सांगा."

त्याने विसळलेली भांडी उचलून फळीवर लावली.

सासूला सांगायचं काम चांगुणावर आलं. ते हळू आवाजात सांगण्याजोगं होतं, आणि भिमाबाईला हळू सांगितलेलं ऐकू येत नव्हतं. घरात अस्मिता झोपलेली. चांगुणा सासूला धरून खाली नळापाशी घेऊन गेली. तिथे पाण्याला बायका उभ्या होत्या. एकदा सांगितलं, भिमाबाईने कानाला हात लावला. दुसऱ्यांदा सांगितलं, तरी नाही. शेवटी चांगुणाला मोठ्याने म्हणावं लागलं, "तुम्ही थोडे दिवस ताईंकडे जाऊन राहता का?" नळावरच्या बायकांनी हंडे भरायचे थांबवले.

"ऐकलं मी," भिमाबाई म्हणाली. "एवढ्या मोठ्यानं नको सांगू."

ती एका शब्दाने विरोध न करता गेली. एक पिशवी, बाबासाहेबांचा छोटा फोटो, गुडघ्याचं तेल. बदलापूरहून जीपमध्ये बसताना तिने चांगुणाला बजावलं, "पोरीला उठल्यावर गरम खायला घाल. शिळं देऊ नको."

थोडे दिवस म्हणता म्हणता भातं कापून झाली. अस्मिताची नोकरी पक्की झाली, पण झोप तीच राहिली. घरातली शांतता आता एवढी घट्ट झाली होती की सासूला परत आणायचा विषय कुणी काढला नाही. चांगुणाच्या मनात रोज येई. रोज ती म्हणे, पुढच्या महिन्यात.

हिवाळ्यात ती एकटीच भेटायला गेली. कौसाबाईच्या अंगणात ऊन पडलं होतं, पलीकडे कापलेली मोकळी खाचरं, लांबवर धरणाचं पाणी. आसपास हाकेला ओ द्यायलाही कुणी नाही. भिमाबाई ओट्यावर बसली होती. सुनेला बघून तिचा चेहरा उजळला. तिने हाताने जवळ बोलावलं, चांगुणाचा कान आपल्या तोंडापाशी ओढला आणि कुजबुजत विचारलं, "जेवलीस का?"

चांगुणाला वाटलं घसा बसला असेल. पण पुढेही ती तसंच बोलत राहिली. सगळं कुजबुजत. नात बरी आहे का, इंदुबाईचा जावई सुधारला का.

"आत्याबाई, मोठ्यानं बोला ना. इथं कोण आहे?"

भिमाबाईने तिच्या दंडाला धरून आत खोलीकडे मान हलवली. "पोरगी झोपलीय."

खोलीत कोणी नव्हतं. भाताची पोती होती.

कौसाबाई मागच्या बाजूला चुलीपाशी भेटली तेव्हा तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, आणि चांगुणाला तेच जास्त लागलं. "महिनाभर झाला असं. मी म्हटलं, आई गाणं म्हण. तर मला गप्प बसवते. कोंबड्या ओरडल्या तरी त्यांना हाकलते, पोरगी उठेल म्हणून. तिला कळतच नाही ती कुठं आहे ते."

"मी घेऊन जाते त्यांना," चांगुणा म्हणाली.

"कुठं नेशील? तिथं तर खरंच झोपलेली असते पोरगी."

चांगुणा परत आली ती कौसाबाईने दिलेली तांदळाची पिशवी घेऊन. अस्मिताला तिने सांगितलं, आजी बरी आहे, तुझी आठवण काढते. ते खोटं नव्हतं.

पुढल्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. अस्मिताला त्या दिवशी शिफ्ट संपल्यावरही थांबवून ठेवलं होतं, ती दहा वाजून गेल्यावर घरी आली आणि चपला काढता काढता भिंतीला टेकून तिचे डोळे मिटले. चांगुणाने तिला गादीवर नेऊन निजवलं. थोड्या वेळाने जिन्यावर जड पावलं वाजली. दारात कौसाबाईचा नवरा भगवान उभा होता. घामाने भिजलेला.

"वहिनी," त्याने नेहमीच्या गावाकडच्या मोकळ्या आवाजात सुरुवात केली.

चांगुणाचं बोट आपसूक ओठांवर गेलं.

भगवान थांबला. त्याने आत बघितलं, मग खाली मान घातली आणि आवाज उतरवून म्हणाला, "आई गेल्या. सकाळीच. फोन लावत होतो तुम्हाला, लागला नाही. सुदामला बदलापुरात निरोप दिला, तो पुढं गेलाय."

ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तिला तेव्हाही कळत होतं की आपण आवाज दाबून रडतोय, आणि तरीही आवाज बाहेर येत नव्हता.

मग ती बाहेरच्या खोलीत येऊन अस्मिताच्या उशाशी बसली. पोरीने डोळ्यांवर ओढणी बांधली होती. तोंड किंचित उघडं, एक हात गादीबाहेर पडलेला. लहानपणी तापात झोपायची तशी. चांगुणाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. उठवायलाच ठेवला होता. अस्मिता झोपेत काहीतरी पुटपुटली, इंग्रजीत, आर्जवाने, कुणाची तरी माफी मागितल्यासारखं. चांगुणाने हात काढून घेतला.

"मातीला संध्याकाळपर्यंत थांबतील ना, दाजी?" तिने भगवानला विचारलं.

"थांबतील म्हणा."

तिने इंदुबाईला सांगितलं, चार वाजता हिला उठव, सांग आणि बदलापूरच्या गाडीत बसवून दे. इंदुबाईने तिच्याकडे बघितलं.

गावात थांबले नाहीत. ऊन फार होतं, आणि जाणती माणसं म्हणाली की उशीर करण्यात अर्थ नाही. सुदामने विचारलं, "अस्मिता?" चांगुणा म्हणाली, "येतेय." तो तिची वाट बघत रस्त्याकडे दोनदा जाऊन आला. शेवटी त्रिशरण पंचशील झालं, पांढऱ्या साडीतल्या भिमाबाईला उचललं. ती इतकी हलकी झाली होती की खांदेकऱ्यांची पावलं झपझप पडत होती.

अस्मिता पोहोचली तेव्हा माणसं ओढ्यावर हातपाय धूत होती. बदलापूरला तिला जीप लवकर मिळाली नव्हती. अंगावर झोपेतले कपडे, वर ओढणी. अंगणात बायकांमध्ये बसलेल्या आईपुढे ती येऊन उभी राहिली.

"मला का नाही उठवलंस?"

"तू झोपली होतीस," चांगुणा म्हणाली. गेलं वर्षभर ती हेच सगळ्यांना सांगत आली होती. ते तोंडातून निघून गेल्यावर तिला ऐकू आलं.

अस्मिता वळली. आत्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. बरं वाटण्यासारखं काही असेल तर तेवढंच, की त्या घरात कुणीतरी मोठ्याने रडलं.

तिला रजा मिळाली ती एकाच दिवसाची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा कंपनीच्या गाडीत बसली. अमेरिकेत तेव्हा कसलासा सण होता, येणाऱ्या प्रत्येक फोनला त्याच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या. हे तिने घरी सांगितलं नाही. पुढे केव्हातरी इंदुबाईला सांगितलं आणि इंदुबाईकडून ते चांगुणाला कळलं.

नोकरी आणखी तीन-साडेतीन वर्षं चालली. मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या टीव्हीवर यायला लागल्या. अस्मिताची बँक बुडाली नाही, पण तिने फोनचं काम उचलून मनिलाला दिलं. एका सकाळी सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावून कार्डं काढून घेतली. अस्मिता घरी बसली. सुरुवातीला तिला अंधार पडल्यावर झोप येईना आणि दिवसा सुचेना. दुपारी ती आईबरोबर स्वयंपाकघरात बसायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मायलेकी दुपारी एकत्र जाग्या होत्या, आणि दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते कळत नव्हतं. इंदुबाई एव्हाना बदलापूरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेली होती. गॅलरीतल्या बाकीच्या बायका आपापल्या मालिका बघत आत असायच्या.

अशाच एका दुपारी अस्मिता म्हणाली, "त्या दिवशी उठवलं असतंस तर मी आले असते, आई."

"माहीत आहे."

"मग?"

चांगुणाने हातातली शेंग मोडायची थांबवली. हे उत्तर तिने मनात कितीतरी वेळा जुळवलं होतं, पण त्यातलं काहीच आता आठवेना. "तू थकली होतीस. मला तेवढंच दिसलं. आत्याबाई तर गेल्याच होत्या. त्यांच्यासाठी काही करता येणार नव्हतं. तुझ्यासाठी येत होतं."

"माझी आजी होती ती."

"हो."

"आणि तिला तिकडं पाठवलं ते पण माझ्यासाठीच."

"मी पाठवलं," चांगुणा म्हणाली. "तू नाही म्हणाली असतीस. म्हणून तुला विचारलं नाही."

अस्मिताने आईच्या हातातल्या शेंगा घेतल्या आणि उरलेल्या सगळ्या मोडून दिल्या. रागावली होती की नाही, ते चांगुणाला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. तिचा दिवसाउजेडातला चेहरा वाचायची सवयच मोडली होती.

पुढे अस्मिता उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, चीनचा खेळण्यांचा माल आणणाऱ्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेब बघायला लागली. सकाळी जायची, दिवेलागणीला यायची, चारचौघींसारखी. शेठ तिला अस्मिताबेन म्हणतो.

महिन्यातून एखाद्या रविवारी ती आत्याकडे पाड्यावर जाते. एकटीच जाते. चांगुणा पहाटे उठून भाकरी, चटणी, कधी सुकट असा डबा बांधून देते, आत्यासाठी वेगळी पुरचुंडी देते. अस्मिता चपला घालून पिशवी खांद्याला लावते, "येते गं," म्हणते आणि जिना उतरायला लागते. चांगुणाच्या ओठांवर तेव्हा दर वेळी एक प्रश्न येतो, मीही येऊ का. ती कठड्याला धरून, लेक कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहते, आणि विचारत नाही.